पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी बघितला, घाबरायचं कुठे होतं?

अर्धाकप_चहा

मंडळी, एक सरळ प्रश्न, चिडू नका. तो पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी, २००७ चा, पहिला भाग, ज्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की लोक थिएटरमधून उठून पळाले, तो बघून झाला आणि मला अजून कळून नाही राहिलं की घाबरायचं नक्की कुठे होतं. दीड तासाचा पण नाहीये धड, आणि त्यात पहिला पाऊण तास एक जोडपं नुसतं घरात फिरतंय, कॅमेऱ्यासमोर मस्करी, मग भांडण, मग झोप. रात्री कॅमेरा लावून झोपायचं, सकाळी उठून फुटेज बघायचं, आणि फुटेजमध्ये काय तर दार थोडंसं हललं. अरे भिया, दार तर आमच्या खोलीचंही हलतं, कडी बसत नाही म्हणून आम्ही बादली लावून झोपतो.

मी जेवण झाल्यावर पडल्या पडल्या मोबाईलवर बघितला, रूममेट बाजूला रील्स बघत होते. शेवटचा एक झटका सोडला तर काही नाही, शेवेचं पाकीट संपलं पण भीती काही आली नाही.

तर सांगा, तुम्हाला खरंच वाटली होती का भीती, का फेमस आहे म्हणून हो म्हणायचं? आणि हा खरोखर एका घरात, जवळजवळ फुकटात काढलाय, का ती पण पब्लिसिटीच? अजून एक म्हणजे रूममेट म्हणतो शेवटी पोलीस येतात. मी बघितला त्यात पोलीस आलेच नाहीत. तो फेकून राहिलाय का माझ्याकडे कापलेला आला?

(खाली शेवटाची चर्चा होणारच आहे, ज्यांना बघायचा आहे त्यांनी इथूनच परत फिरा.)

शिकंजी_डबल

तुझा प्रॉब्लेम तूच लिहून टाकलास की. मोबाईल, डोक्यावर पंखा, बाजूला रील्स.

मी लग्नाचं शूटिंग करतो त्यामुळे ह्या पिक्चरकडे जरा धंद्याच्या नजरेने बघतो. पहिली गोष्ट आवाजाची. ह्यात बॅकग्राउंड म्युझिक नाहीच, व्हायोलिन नाही, धडाम नाही, घरातला जो आवाज आहे तोच. पण काही होणार असलं की त्याच्या आधी एकदम खालच्या पट्टीत घरघर सुरू होते, ऐकू येते त्यापेक्षा छातीत जास्त कळते. आता मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, आणि जे थोडं आलं असेल ते तुझ्या पंख्याने खाल्लं. म्हणजे अर्धा पिक्चर तू ऐकलाच नाहीस. पहिल्या काही रात्री गेल्या की बघणाऱ्याला सवय लागते, घरघर आली म्हणजे ते आलं, आणि मग पुढे पुढे नुसत्या घरघरीनेच पोटात गोळा येतो, पडद्यावर काही नसलं तरी. हेडफोन लाव, बरे असलेले, दिवे घालव, मग बोल.

दुसरं म्हणजे फ्रेम. बेडरूमचा तो एकच अँगल आठव, पलंग उजवीकडे, डावीकडे उघडं दार, दारापलीकडे पॅसेजचा अंधार. कॅमेरा ट्रायपॉडवर. हलत नाही, झूम नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात की बघणाऱ्याने कुठे बघायचं हे तू ठरव, वरमाला चालू असेल तर फुफाजींच्या टकलावर जाऊ नको. इथे दिग्दर्शक ओरेन पेलीने ते ठरवायचं कामच सोडून दिलंय, त्यामुळे तुम्ही स्वतः सगळी फ्रेम शोधत बसता, दार हललं का, चादर हलली का, तो काळा ठिपका आधी होता का. काही नसतं आणि तुम्ही शोधताय. आणि उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळ. रात्र फास्ट फॉरवर्ड होते, आकडे भराभर पळतात आणि एकदम नॉर्मल स्पीडला येतात. बस, तो क्षण. अजून काहीही झालेलं नाही, फक्त आकडे हळू झाले, पण थिएटरमध्ये लोक तिथेच डोळ्यांवर हात ठेवतात. एडिटिंगमध्ये स्पीड बदलायला काय लागतं, दोन क्लिक. ह्याच्यात खर्च कुठे आहे सांग.

आणि तो सीन, जोडप्यातली ती केटी रात्री उठते, पलंगाच्या बाजूला उभी राहते आणि झोपलेल्या जोडीदाराकडे, मायकाकडे, बघत राहते. आकडे पळताहेत, तासच्या तास चाललेत, तो इकडे कूस बदलतो तिकडे बदलतो, ती आपली तिथेच उभी, जरा जरा झुलतेय. ना मेकअप ना पांढरी साडी. तो सीन बघितल्यावर मी घरी झोपताना बायकोकडे पाठ करायला घाबरायचो, हे तिला सांगू नका.

बजेटचं खरं आहे. हा पेली व्हिडिओ गेमचा प्रोग्रामर, आधी कधी पिक्चर काढला नव्हता. सॅन डिएगोचं ते घर त्याचंच. आधी जवळजवळ वर्षभर घरावर मेहनत घेतली, भिंती रंगवल्या, फर्निचर आणलं, कार्पेट टाकलं, जिना करून घेतला, आणि मग शूटिंग मात्र सात दिवसांत आटपलं. खर्च साधारण १५,००० डॉलर, तेव्हाच्या भावाने सात लाखाच्या आतबाहेर. सात लाखात आता इंदूरला बऱ्यापैकी लग्नाचं जेवण निघत नाही. डायलॉग लिहिलेलेच नव्हते, सीन काय आहे ते सांगायचं आणि दोघांनी आपल्या मनाने बोलायचं, नावंसुद्धा त्यांची खरीच ठेवली, केटी फेदरस्टन आणि मायका स्लोट. तुला जे बोअर झालं ना, ते दोघांचं उगाचचं बोलणं, त्याच्यामुळेच पुढचं खरं वाटतं.

रामबागची_सून

मला भीती वाटली, पण भुताची कमी आणि त्या मायकाची जास्त.

अहो ती बिचारी पहिल्यापासून सांगतेय की हे माझ्या मागे मी आठ वर्षांची होते तेव्हापासून आहे, ह्याला डिवचू नको. घरी जो जाणकार येतो तोही तेच सांगतो, त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करू नका. आणि हा काय करतो, कॅमेरा घेऊन रात्री अंधारात ओरडतो, ये समोर ये म्हणून. तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं ना, की तो प्लँचेटसारखा बोर्ड विकत आणायचा नाही, तर हा आणतो आणि वर म्हणतो की मी विकत कुठे घेतला, मी तर उसना आणलाय. हे ऐकून मी आणि माझी जाऊ दोघी जोरात हसलो, कारण असली वकिली आमच्या घरात रोज चालते. पण नंतर हसू येत नाही. ती रडतेय आणि हा कॅमेरा बंद करत नाही. ती थांब म्हणतेय तर हा फोकस करतोय. ज्यांना पहिला पाऊण तास बोअर झाला त्यांनी ह्या नजरेने परत बघा, त्यात काय काय चाललंय ते.

अजून एक. आपल्याकडच्या गोष्टींमध्ये जागा ठरलेली असते, मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीजवळ, तिकडे दिवेलागणीनंतर जाऊ नको म्हटलं की विषय संपला. इथे तो जाणकार सांगतो की हे घराचं नाहीच, तिचं आहे, घर सोडून गेलात तरी मागे येणार. वर तो म्हणतो मी मेलेल्या माणसांचं बघतो, हे माझ्या हातातलं नाही, दुसऱ्याला बोलवा, आणि तो दुसरा नेमका परगावी! शेवटी कंटाळून ह्यालाच परत बोलावतात तर तो आत पाऊल टाकल्या टाकल्याच घाबरतो आणि उलट्या पावली जातो. त्या माणसाने घाबरणं हे मला सगळ्या पिक्चरमध्ये जास्त लागलं, कारण डॉक्टरच पळाला तर पेशंटने काय करायचं.

आणि पावडरचा सीन. हा मी सासूबाईंबरोबर बघितला, त्यांना इंग्रजी कळत नाही, मी मधून मधून सांगत होते. मायका रात्री जमिनीवर पावडर टाकून ठेवतो, सकाळी त्यात पावलं उमटलेली दिसतात. सासूबाई एकदम म्हणाल्या, अगं हे तर पीठ. आमच्याकडे माणूस गेलं की जिथे गेलं त्या जागी दिवा लावतात, पीठ पसरतात, वर टोपली झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी टोपली उचलून बघतात काय उमटलंय, पक्ष्याचा पाय की गाईचं खूर की आणखी काय, त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणतात. मामंजी गेले तेव्हा रामबागच्या घरात केलं होतं, मी तेव्हा नवीन होते, टोपली उचलताना कुणी श्वास पण घेत नव्हतं. त्यामुळे त्या अमेरिकन घरातल्या पावडरीशी आम्हा दोघींचं थेट नातं लागलं. गौरीची पावलं आपण हाताने काढतो, ती आत आलेली हवी असतात. ही आपोआप उमटलेली, आणि माणसाची नाहीत. सासूबाई उठून देवघरात जाऊन आल्या आणि परत येऊन बसल्या, पुढे लाव म्हणाल्या.

अर्धाकप_चहा

काकू पिठाचं हे मला माहीतच नव्हतं, आमच्या घरी ऐकलं नाही कधी. आता आईला फोन करून विचारतो.

@शिकंजी भाऊ, हेडफोनचं पटलं, पण एक सांगा, चांगल्या पिक्चरने कशावरही बघितला तरी घाबरवलं पाहिजे ना? साहित्याची एवढी अट असेल तर मग पिक्चरचं काय कौतुक.

जुना_टॉकीजवाला

बरोब्बर बोललास बाळ. आणि भूत दाखवायचंच नसेल तर लोकांनी तिकीट कशाचं काढायचं? मी नातवाच्या लॅपटॉपवर बघितला, मला तर ते बिल्डिंगच्या गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज बघितल्यागत झालं, फरक इतकाच की त्यात निदान मांजर तरी जाते.

कमी पैशातलं भूत काय असतं ते आमच्या पिढीला विचारा. रामसे मंडळींनी १९७२ मध्ये दो गज जमीन के नीचे काढला तेव्हा अख्खं कुटुंब उचलून महाबळेश्वरला नेलं होतं. सात भाऊ, कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, आणि बायका स्वयंपाकाला. बाहेरच्या माणसाला पगार द्यायची वेळच नाही. ह्याला म्हणतात लो बजेट. पुढे १९८४ ला पुराना मंदिर आला, त्यातला राक्षस सामरी, म्हणजे नट अनिरुद्ध अग्रवाल, त्याला मेकअप तरी किती लागला असेल, उंची आणि चेहऱ्यानेच निम्मं काम केलं. रात्रीचा शो सुटला की आम्ही पोरं घोळक्याने राजवाड्यापर्यंत चालत यायचो, एकाची पण मागे राहायची हिंमत नसायची, आणि सराफ्यात जाऊन बसलो की मग ज्याचा त्याचा आवाज फुटायचा. आता मधुमिलन काय अन रीगल काय, टॉकीज गेल्या, नुसती चौरस्त्यांची नावं झाली. तुम्ही मोबाईलवर बघा आणि हर्ट्झ मोजा.

शिकंजी_डबल

काका तुमचा सामरी मला पण आवडतो, लहानपणी शेजारच्यांकडे भाड्याच्या व्हीसीआरवर बघितलाय आणि रात्री बाथरूमला जायला आजोबांना उठवलंय. पण आज परत लावून बघा, भीती वाटते का? हसूच येतं ना? कारण एकदा चेहरा बघितला की संपलं, दुसऱ्यांदा तो फक्त उंच माणूस असतो. दाखवलं नाही तर जुनं होत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

@अर्धाकप, तू म्हणतोस कशावरही बघितला तरी घाबरवलं पाहिजे. पण काकांनीच बघ काय लिहिलंय, रात्रीचा शो, घोळका, राजवाड्यापर्यंत चालत येणं. त्या भीतीत सामरी किती आणि अंधारातली ती चाल किती?

विजयनगर_नाईटशिफ्ट

मला दोन्ही पार्टी पटत नाहीत. पिक्चर ठीक आहे, खरी करामत मार्केटिंगची आहे आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाहीये.

हा २००७ मध्ये फेस्टिव्हलला दाखवला, पण थिएटरला आला २००९ मध्ये, मधली दोन वर्षं पडून. ड्रीमवर्क्स कंपनीने घेतला होता तो असाच रिलीज करायला नाही, मोठ्या पैशात परत बनवायला घेतला होता. मग लोकांना दाखवून बघितला तर काही जण मध्येच उठून जायला लागले, ह्यांना वाटलं पडला पिक्चर, विचारल्यावर कळलं की घाबरून चाललेत. तेव्हा ठरलं की आहे तसाच सोडू. पुढे पॅरामाउंटने २५ सप्टेंबर २००९ ला आधी फक्त कॉलेजवाल्या थोड्याशा गावांमध्ये लावला आणि इंटरनेटवर बटण ठेवलं, तुमच्या गावात पाहिजे असेल तर मागणी करा, दहा लाख मागण्या आल्या की सगळ्या देशात लावू. आल्या. ट्रेलरमध्ये पिक्चर कमी आणि अंधारात शूट केलेले प्रेक्षकच जास्त, ओरडताहेत, एकमेकांना धरताहेत. म्हणजे माणूस घाबरायची तयारी करूनच आत जाणार. शेवटी जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर धंदा. तू १५ वर्षांनी त्याच्याकडे कोरा गेलास, तुला ते ट्रेलरचं औषध मिळालंच नाही.

अशीच आयडिया १९९९ मध्ये ब्लेअर विच ह्या पिक्चरवाल्यांनी केली होती, त्यांनी तर नट बेपत्ता आहेत असंच पसरवलं होतं. आपल्याकडे २०११ ची रागिनी एमएमएस ह्याच पॅरानॉर्मलवरून सुचलेली, पण लोक गेले ते भुतासाठी नाही, ते जाऊ दे.

आता तुझा पोलीसवाला प्रश्न. रूममेट फेकत नाहीये आणि तुझा पण कापलेला नाही. फेस्टिव्हलला दाखवला त्यात शेवट असा होता की खाली आरडाओरडा होतो, मग केटी चाकू घेऊन वर येते, पलंगापाशी जमिनीवर बसते आणि झुलत राहते, रात्र जाते दिवस जातो, मैत्रीण येते, खाली मायकाला बघून किंचाळून पळते, मग पोलीस. तू बघितलास तो थिएटरवाला, ज्यात मायका उडून येऊन कॅमेऱ्यावर आपटतो. हा शेवट स्पीलबर्गने सुचवलेला म्हणतात. तिसरा पण आहे, डीव्हीडीवर आला होता, त्यात ती कॅमेऱ्यासमोर स्वतःचाच गळा कापते. म्हणजे कोणती फाईल हाताला लागली त्यावर आहे.

माझं मत विचारशील तर थिएटरवाला शेवट स्वस्त आहे. ८० मिनिटं काही दाखवलं नाही आणि शेवटी चेहरा बिघडवून कॅमेऱ्यावर उडी. शिकंजी भाऊ, तुमच्या थिअरीप्रमाणे पण तो चुकीचाच झाला.

शिकंजी_डबल

हो, तो चेहऱ्याचा इफेक्ट मला पण नाही आवडत. पण मायका आपटतो तो आवाज मात्र ठेवा. त्याच्या आधी जी शांतता आहे, ती खाली ओरडतेय, हा पळत खाली जातो, झटापट, मग एकदम काहीच नाही, आणि जिन्यावर पावलं, जड, एक एक. कॅमेरा आपला रिकाम्या पलंगाकडे बघत उभा. हे सगळं ट्रायपॉडवर. मी कुणा नवीन पोराला शिकवायला घेतलं तर लग्नाचं नंतर, आधी हा जिना ऐकवीन.

अर्धाकप_चहा

हां, पावलं माझ्या मोबाईलवर पण ऐकू आली होती, ते खरंय.

अच्छा, आपल्याकडचं काही सांगा ना ज्यात उगाच गाणी नाहीत. मराठी असेल तर अजून बरं, आईबरोबर बघता येईल.

रामबागची_सून

लपाछपी बघा, २०१७ चा, विशाल फुरियाचा, पूजा सावंत आहे. नंतर त्यानेच हिंदीत छोरी म्हणून केला २०२१ मध्ये, पण आधी मराठीच बघा. उसाचं शेत आहे आणि भर दुपारचं ऊन, अंधार करून घाबरवायची गरजच पडलेली नाही. गरोदर बाई आहे त्यात, म्हणून घरात कुणाला दिवस गेले असतील तर त्यांना बरोबर बसवू नका, बाकी आईला खुशाल दाखवा. भुतापेक्षा माणसांनी काय केलंय त्याची कथा आहे, तुमच्या आई तुमच्यापेक्षा आधी ओळखतील कुठे चाललंय ते.

आणि शेवटाचं म्हणाल तर मला तो पोलीसवालाच आवडला, नंतर यूट्यूबवर बघितला. त्यात ती भानावर येते. हातात चाकू आहे हे तिला माहीत नाही, समोर बंदुका घेतलेली माणसं का उभी आहेत ते माहीत नाही, ती मायकालाच हाक मारतेय, आणि तेवढ्यात मागे कुठलं तरी दार आपटतं, पोलीस दचकतात आणि गोळी सुटते. थिएटरवाल्यात तिचं भूत करून टाकलं आणि मोकळे झाले. ह्यात ती शेवटपर्यंत केटीच आहे, आणि ते दार आपटणारं तिथेच घरात बसलंय, त्याला कुणी हात पण लावला नाही.

जुना_टॉकीजवाला

हा शेवट मला कुणी दाखवलाच नाही! नातवाने तो उडीवाला लावला होता. लिंक टाका सूनबाई, बघतो. आणि पीठाचं तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडे पण होतं, मल्हारगंजला, फक्त आम्ही पिठाऐवजी राख पसरायचो, चाळून घेतलेली.